सडपातळ पायांचा सागवानी पलंग, दहा बाय अकराच्या खोलीसाठी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यात शाहूपुरीला नवा फ्लॅट, बेडरूम दहा बाय अकरा फूट, भिंती फिकट राखाडी. पायथ्याकडच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट आधीच बसलेलं. तुम्हाला १९५०-६० च्या धाटणीचा, ज्याला हल्ली सगळे 'मिड-सेंच्युरी' म्हणतात तसा, निमुळत्या पायांचा बुटका लाकडी पलंग हवाय. सासूबाईंचं म्हणणं, पलंग घ्यायचा तर खाली सामानाची पेटी असलेलाच घ्या. पर्याय तीन: ऑनलाइन मिळणारा शीशमचा, शोरूममधला 'इंजिनिअर्ड वुड'चा, नाहीतर सुताराकडून सागाचा. आणि मनात धाकधूक ही, की एवढ्या बारीक पायांवर दोन माणसं आणि उड्या मारणारं एक पोर झेपेल का?

झेपेल. नीट केला तर नातवंडंही त्यावर झोपतील. मी सांगलीत फर्निचरचं काम करतो, मिरजेपासून साताऱ्यापर्यंत अशा धाटणीचे पलंग करून दिले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: सुताराकडून सागाची चौकट करून घ्या, पेटी टाळा, पाच फुटी गादीवर थांबा. या धाटणीची सगळी शोभा तिच्या हलकेपणात आहे, आणि हलकेपणा पेलायचा तर लाकूड सुकं आणि जोड पक्का लागतो. जाड फळ्यांच्या पलंगात सुताराची ढिलाई खपून जाते. बारीक पायांच्या पलंगात ती दोन पावसाळ्यांत बाहेर येते.

ही धाटणी परक्या मुलखातली म्हणून सुताराला जमणार नाही, अशी शंका तुम्ही घेतली आहे. तसं काही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमध्ये हान्स वेग्नर, फिन यूल, बोर्गे मोगेन्सन या डिझाइनर मंडळींनी कोरीवकाम आणि जडपणा काढून टाकला आणि लाकडाच्या रेषा, पायांचा उतार, स्वच्छ जोड एवढ्यावर फर्निचर उभं केलं. त्या काळात तिथलं एक आवडतं लाकूड साग, आग्नेय आशियातून जहाजाने जाणारा. त्याच सुमारास, १९५१ पासून, चंदीगड उभं राहत होतं. तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आणि घरांसाठी स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी साग आणि वेत वापरून साधं, दणकट सामान करवून घेतलं, तेही इथल्याच सुतारांच्या हातून. पुढे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्या अहवालात त्यांनी मनापासून वाखाणला तो आपला पितळी लोटा. आपल्या जुन्या बाजेला तरी काय असायचं? चार खूर म्हणजे पाय, चार गाती म्हणजे बाजूचे दांडे, आणि विणलेला काथ्या. जमिनीपासून उचललेली, खालून वारा जाणारी. त्यामुळे चांगल्या सुताराला ही धाटणी समजावून सांगावी लागत नाही, मापं तेवढी नेमकी द्यावी लागतात.

आता पेटीचं. सासूबाईंची गरज खरी आहे, ती उडवून लावू नका. साताऱ्याची थंडी, जादा गोधड्या, पाहुण्यांच्या उशा, हे कुठेतरी ठेवायलाच हवं. पण पलंगाखाली पेटी केली की पाय जमिनीला टेकलेल्या डब्याआड जातात आणि मग निमुळता पाय करून घेण्यात अर्थ राहत नाही. त्याहून मोठं कारण हवेचं आहे. सातारा सह्याद्रीच्या कुशीत आहे, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घरात दमट हवा कोंडते. बंद पेटीत ठेवलेल्या गोधड्यांना कुबट वास येतो, आणि गादीतला घामाचा ओलावा खाली प्लायमध्ये मुरतो. आमच्याकडे सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोकांनी पाहिले. पाणी ओसरल्यावर भुशाच्या बोर्डाच्या पेट्या फुगून फुटलेल्या निघाल्या. पायांवर उभ्या असलेल्या भरीव सागाच्या चौकटी धुऊन, सावलीत वाळवून, पुन्हा पॉलिश करून वापरात आल्या. तुमच्या फ्लॅटला पुराची भीती नाही, पण रोजची ओल तेच काम सावकाश करते. गोधड्यांसाठी कपाटाच्या वरचा माळा दाराने बंद करून घ्या. नाहीतर खिडकीखाली सोळा इंच उंचीची, बसता येईल अशी लांब पेटी करा, तीही चार छोट्या पायांवर. सासूबाईंना वाकून गादी उचलावी लागणार नाही, हे त्यांना सांगून बघा. गादीखालची पेटी साठीनंतर एकट्याने उघडणं जड जातं.

खोलीचं गणित करू. दहा फूट म्हणजे १२० इंच. पाच फुटी गादीचा पलंग बाहेरून साधारण ६४ इंच होतो, दोन्ही बाजूंना अठ्ठावीस-अठ्ठावीस इंच उरतात. सहा फुटी घेतला तर बावीस. बावीस इंचात माणूस आडवा होऊन सरकतो आणि बाजूला टेबल ठेवलं की चादर खोचताना कंबर मोडते. लांबीत जास्त अडचण आहे. अकरा फुटांतून कपाटाचे दोन फूट गेले, पलंगाचे ८२ इंच गेले, उरले सव्वीस. कपाटाचं दार अठरा-वीस इंचांचं असेल तर ते उघडेल, पण उघडताना तुम्हाला बाजूला व्हावं लागेल. घरात कुणी पावणेसहा फुटांहून उंच नसेल तर ७८ ऐवजी ७५ इंची गादी घ्या, तीन इंच परत मिळतील. आणि पायथ्याला वर आलेली फळी अजिबात नको. या धाटणीत पायथा गादीच्या खालीच संपतो. म्हणूनच लहान खोलीत पलंग मोकळा वाटतो आणि पोटरीला कोपराही लागत नाही.

उंचीच्या बाबतीत फोटो फसवे असतात. परदेशी फोटोंत गादी जमिनीपासून फूटभरावर दिसते, ती आपल्या घरात गैरसोयीची. फरशी रोज झाडायची-पुसायची असते, आणि आपल्याकडे पलंगावर नुसतं झोपत नाहीत. पाहुणे टेकतात, आजी बसून शेंगा निवडते. गादीसकट उंची अठरा ते वीस इंच ठेवा, म्हणजे खुर्चीएवढी. त्यासाठी माप असं: पायाचा मोकळा भाग आठ इंच, त्यावर बाजूची फळी पाच इंच, आणि गादीखालच्या आडव्या पट्ट्या फळीच्या वरच्या कडेपासून एक इंच आत. म्हणजे पट्ट्या जमिनीपासून बारा इंचांवर येतात. सहा इंची गादी ठेवली तर अठरा, आठ इंची ठेवली तर वीस. तो एक इंचाचा खळगा असू द्या, गादी सरकत नाही. गादी आधी ठरवा, मगच पाय कापू द्या. बरेच जण उलट करतात.

लाकडावर आता सविस्तर, कारण फसवणूक इथेच होते.

साग या कामाला उत्तम, याचं कारण परंपरा नाही. सागात नैसर्गिक तेल असतं, पक्क्या भागाला वाळवी सहसा धजत नाही, आणि पावसाळा-उन्हाळ्यात तो इतर कठीण लाकडांपेक्षा कमी हलतो. आपल्याकडे बल्लारशा-चंद्रपूरकडचा साग नावाजलेला, सांगली-कोल्हापूर भागाला दांडेलीचा जवळचा. बाजारात आता बराच माल आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा असतो. तो वाईट असतोच असं नाही, पण कमी वयाच्या झाडाला पांढरा भाग जास्त निघतो. फळी बघताना हेच बघा. तपकिरी-सोनेरी भाग पक्का, कडेचा फिकट पिवळसर पट्टा कच्चा. त्या कच्च्या भागाला किडा लागतो, खाली बारीक पीठ पडायला लागतं. बाजूच्या फळीच्या आतल्या कडेला बोटभर पांढरा पट्टा आला तर मी सोडून देतो, पायात मात्र एक रेषही चालवून घेत नाही. रंग लावून पांढरा भाग झाकता येतो, म्हणून लाकूड पॉलिश व्हायच्या आधी एकदा जाऊन बघाच.

ओलावा हा त्याहून मोठा विषय. आपल्या भागात घरातल्या फर्निचरचं लाकूड दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत उतरलेलं हवं. मॉइश्चर मीटर टोचला की आकडा दिसतो, यंत्र महाग नाही, चांगल्या सुताराकडे किंवा वखारीत असतं. नसेल तर फळीच्या टोकावर ताज्या चिरा आहेत का आणि ताजा कापलेला भाग हाताला गार लागतो का, एवढं तरी बघा. उघड्यावर लाकूड सुकायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण वर्ष धरतात. तुमच्या पायांना अडीच इंच जाडी लागणार आहे. म्हणजे कालपरवा कापलेल्या ओंडक्यातून पाय काढले तर एप्रिलमध्ये ते उभे चिरणार. भट्टीत सुकवलेलं घ्या, किंवा तुमच्या भागात मिळणारी दुसरी चांगली गोष्ट शोधा: पाडलेल्या वाड्याचं सागवान.

साताऱ्यात, वाईत, आमच्या सांगली-मिरजेत जुने वाडे उतरवले की तुळया, खांब, कडीपाट विकायला येतात. ते लाकूड कित्येक दशकं छपराखाली सुकलेलं असतं, त्यात आणखी हालचाल फारशी उरलेली नसते. वरून काळंकुट्ट, भेगाळलेलं दिसतं, पण रंध्याचे चार हात फिरले की आतून तोच मधाळ रंग बाहेर येतो आणि सागाचा तो ओळखीचा वास अख्ख्या कारखान्यात पसरतो. त्रास दोन. खिळे आत तुटून राहिलेले असतात, कटाईला नेण्याआधी लोहचुंबक फिरवून ते काढावे लागतात, नाहीतर करवतीचं पातं जातं आणि मिलवाला पुन्हा उभं करत नाही. आणि लोखंडाभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, ते घासून जात नाही. असे डाग आतल्या बाजूला किंवा मधल्या आडव्या तुळईत वापरायचे. मला तर पायांसाठी वाड्याचाच साग आवडतो.

किती लाकूड लागतं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कारण हिशेब घनफुटावर होतो. लांबी, रुंदी, जाडी इंचांत गुणून १७२८ ने भागलं की घनफूट. पाच फुटी पलंगाला हेडबोर्डची, म्हणजे उशाकडची उभी फळी आणि पट्ट्या धरून सगळं सागाचं केलं, तर कटाईतली घट मिळून साधारण साडेचार घनफूट पुरतात. पट्ट्या आणि मधली तुळई दुसऱ्या लाकडाची केली तर तीन. मी दुसऱ्याच मार्गाने जातो. पट्ट्या गादीखाली दडलेल्या असतात, त्यांना गाठी नसलेलं सुकं पाइन एक इंच जाडीत चांगलं चालतं. वाचलेले पैसे पायांच्या लाकडात घाला. कुणी सात-आठ घनफूट सांगितलं तर भांडू नका, कागदावर एकेका भागाचं माप मांडून द्यायला सांगा.

शीशमबद्दल. जोधपूरकडून येणारं शीशमचं फर्निचर मजबूत असतं, रेषाही देखण्या असतात. पण लाकूड जड आणि गडद, रेषा ठळक. या धाटणीला लागणारा शांतपणा त्यात कमी मिळतो. शिवाय राजस्थानच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेला माल जुलैत साताऱ्यात आला की फुगतो, खण अडकतात, जोड कुरकुरतात. घ्यायचाच असेल तर पायांचा जोड कसा आहे याचा फोटो मागवा, समोरून काढलेला फोटो काही सांगत नाही. 'वॉलनट' असं लिहिलेलं दिसलं तर तो बहुतेक वेळा रंग असतो, अक्रोडाचं लाकूड नव्हे. 'इंजिनिअर्ड वुड' म्हणजे बहुधा भुशाचा किंवा लगद्याचा दाबलेला बोर्ड. त्यात स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की पकड जाते, आणि बारीक पाय तर निव्वळ त्या स्क्रूवरच उभा असतो. भाड्याच्या घरात दोन वर्षं काढायची असती तर मीच म्हटलं असतं घ्या. स्वतःच्या घरात नको.

व्हेनिअरला, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याला, मात्र नावं ठेवू नका. चांगल्या मरीन प्लायवर, म्हणजे आयएस ७१० छाप असलेल्या, सागाचं व्हेनिअर चिकटवलेला हेडबोर्ड हा प्रामाणिक माल आहे. त्या काळातल्या कितीतरी मूळ वस्तूंतही मोठ्या सपाट भागांना व्हेनिअरच आहे. फक्त व्हेनिअरला भरीव म्हणून विकलं जाऊ नये. ओळखायचं सोपं आहे: वरच्या बाजूच्या रेषा कडेवरून वळून खाली जातात का ते बघा. भरीव लाकडात त्या जातात, व्हेनिअरमध्ये कडेला वेगळी पट्टी दिसते.

आता पाय, ज्यांची तुम्हाला काळजी आहे. वर अडीच इंच, खाली सव्वा इंच, एवढा उतार पुरे. खाली इंचापेक्षा बारीक केला तर दिसायला नाजूक होतो, पण पलंग ओढताना टोक खचतं. बाहेरच्या दोन बाजू सरळ ठेवून आतल्या दोन बाजूंना उतार दिला की पाय ताठ उभा राहतो. बाहेर झुकवलेला तिरका पाय हवा असेल तर पाच-सात अंशांपर्यंतच, आणि टोक गादीच्या कडेबाहेर येता कामा नये, अंधारात करंगळी आपटते.

पाय तयार झाला की हातात घेऊन त्याच्या रेषा वाचा. रेषा वरून खाली पायाच्या लांबीबरोबर उतरल्या पाहिजेत. मधेच तिरप्या होऊन कडेतून बाहेर पडत असतील, तर जोर आल्यावर पाय नेमका त्या रेषेवर सटकतो. पाय जाड आहे एवढ्यावर मग भरवसा ठेवता येत नाही. सरळ रेषांचा बारीक पाय तिरप्या रेषांच्या जाड पायापेक्षा भक्कम ठरू शकतो. गाठ असलेला पाय तर बाजूलाच ठेवायला सांगा. बाजारात पत्र्याची प्लेट आणि मधला स्क्रू असलेले तयार पाय मिळतात, ते टेबलाला, सोफ्याला ठीक. पलंगावर माणूस कूस बदलतो तेव्हा ओझं आडवं येतं, आणि तो एकुलता एक स्क्रू सैल होत जातो.

पाय चौकटीला बांधायचे ते खाच मारून. डोक्याकडचा आडवा दांडा उशाच्या दोन पायांत खाचेत बसवून सरसाने कायमचा पक्का, पायथ्याचाही तसाच. म्हणजे दोन टोकं अखंड. बाजूच्या दोन लांब फळ्या मात्र सुट्या, बोल्टने आवळायच्या. प्रत्येक जोडाला आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट, आत बॅरल नट, म्हणजे लाकडात आडवा बसणारा गोल नट. दोन यासाठी, की एका बोल्टवर फळी पिळवटते. सुट्या फळ्यांचा आग्रह धरा, कारण तुमच्या इमारतीचा जिना आणि लिफ्ट यांतून अखंड पलंग वर जाणार नाही, आणि पुढे घर बदललं तर सुताराशिवाय उघडता येईल. साग तेलकट असल्यामुळे सरस लावण्याआधी जोड ताजा रंधलेला असावा किंवा थिनरने पुसलेला असावा, नाहीतर पकड कमी बसते. हे तुमच्या सुताराला माहीत असेलच, तरी विचारा. जो सुतार यावर आनंदाने बोलायला लागतो तो आपला माणूस.

पाच फुटांच्या पलंगाला मधोमध लांबीत एक तुळई हवीच, तीन इंच उभी, दोन इंच जाड, आणि तिच्या पोटाखाली एक पाचवा पाय. तो साधा सरळ असला तरी चालतो, आत असल्याने दिसत नाही. त्याच्या तळाला फिरवून उंची जुळवायचा बूट बसवा, आपल्या फरश्या कुठेच सपाट नसतात. तुमच्या पोराच्या उड्या खऱ्या अर्थाने हा पाचवा पाय झेलतो. पट्ट्या पावणेतीन इंच रुंद आणि दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा कमी फट. फोमच्या गादीला यापेक्षा मोठी फट ठेवली की ती फटीत उतरते. घरची कापसाची गादी घालणार असाल तर फट दीड इंचावर आणा, कापूस जड असतो आणि लवकर दबतो. पट्ट्यांवर अखंड प्लाय ठोकायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा, सगळा वारा बंद होतो.

हेडबोर्डला भरीव फळी लावणार असाल तर एक गोष्ट सुताराकडून कबूल करून घ्या. अठरा इंच रुंदीची सागाची फळी भर उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत तीन-चार मिलिमीटर रुंद होते. तिला चौकटीच्या खोबणीत सुटी बसवायची, कडांना सरस लावायचा नाही. चारी बाजूंनी चिकटवली की ती आकसताना मधून फाटते, आणि दोष लाकडाला दिला जातो. व्हेनिअरच्या प्लायला ही भीती नाही. हेडबोर्ड सात-आठ अंश मागे कललेला ठेवला तर वाचत बसायला पाठ टेकते.

वेताच्या जाळीचा हेडबोर्ड तुम्हाला फोटोत आवडला आहे. सुंदर दिसतो, चंदीगडच्या खुर्च्यांशी नातंही सांगतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. जाळीवर थेट पाठ टेकली की ती झोळ धरते. ओल्या फडक्याने मागून ओलावून वाळू दिली की थोडी परत ताणते, कायम नाही. दुसरं आपल्या केसांचं तेल. वेत ते पितो आणि काळपट डाग राहतो, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. मी मधला मार्ग सुचवतो: खालची बारा इंच भरीव फळी, वरची आठ इंच वेत. डोकं आणि उशी लाकडाला लागते, वेत नजरेला राहतो.

पॉलिशसाठी चकचकीत मेलामाइन नको, त्याखाली साग प्लॅस्टिकसारखा दिसतो. चौकटीला आणि पायांना तेल द्या. उकळलेलं जवसाचं किंवा तयार टीक ऑइल पातळ हाताने, दोन-तीन वेळा, दर वेळी जास्तीचं पुसून घेऊन. वर्षातून एकदा दिवाळीच्या आवराआवरीत पुन्हा एक हात. तेलाची फडकी मात्र चुरगळून डब्यात टाकू देऊ नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवायची आणि मगच टाकायची. हेडबोर्डला तेवढा मॅट पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर द्या, केसांचं तेल पुसता येतं. नवा साग सुरुवातीला हिरवट-पिवळा, ठिगळं लावल्यासारखा दिसेल. घाबरून रंग चढवू नका. उजेडात काही आठवड्यांत तो एकसारखा सोनेरी तपकिरी होतो. तोवर त्यावर पुस्तक किंवा फुलदाणी एकाच जागी ठेवून देऊ नका, खाली फिकट चौकोन उमटतो.

राखाडी भिंतीपुढे साग चांगला उठतो, भिंत बदलायची गरज नाही. दिवे पिवळसर घ्या, २७०० ते ३००० केल्विनचे. पांढऱ्या ट्यूबखाली साग मेल्यासारखा दिसतो. कपाटाचा सनमायका लाकडी छापाचा असेल तर तो पलंगाशी भांडेल, त्याची दारं मोतिया किंवा पांढरी करता आली तर करा. बाजूची टेबलं पलंगाच्या जोडीचीच हवीत असं काही नाही. एकीकडे छोटं टेबल, दुसरीकडे भिंतीला फळी, एवढ्याने भागतं. अख्खी खोली त्या काळातली करायला गेलात की ती दुकानासारखी दिसायला लागते.

डोकं कुठल्या दिशेला हे घरच्यांनी ठरवा. मी एवढंच बघतो की उशाकडची भिंत बाथरूमची किंवा पावसाचा मारा खाणारी नसावी. कुठलीही असली तरी हेडबोर्ड आणि भिंतीत दोन इंच जागा सोडा.

आता ऑर्डर दिलीत तर घाईने पावसाळ्यात माल घेऊ नका, ओल्या हवेत तेल नीट वाळत नाही. पलंग बसवल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर आणि पुढच्या मे महिन्यात आठही बोल्ट पान्याने अर्धा फेरा आवळा. कुरकुर ऐकू आली तर नव्वद टक्के वेळा कारण हेच, किंवा पट्टी फळीवर घासत असते. घासणाऱ्या जागी मेणबत्ती फिरवली की आवाज थांबतो.

गादीची नक्की जाडी, जिन्याच्या वळणाची रुंदी आणि कपाटाच्या दाराचं माप तेवढं कळवा, त्यावरून पायांची उंची आणि बाजूच्या फळीची लांबी लिहून देतो.